आठवीनंतर मुली मैदानावरून कमी होत जातात. कोणी यातून वाट काढली आहे का?

उजवा_कोपरा

नमस्कार. गुहागर तालुक्यातल्या एका खारवी, म्हणजे मच्छीमारांच्या वाडीतून लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे जे लिहिणार आहे ते घराघरातलं आहे आणि मुली अजून लहान आहेत.

कॉलेज संपेपर्यंत मी कबड्डी खेळले, उजव्या कोपऱ्यात. आता मच्छीमार सोसायटीत डिझेलच्या वह्या लिहिते आणि संध्याकाळी मुलींचा सराव घेते. पाचवी ते दहावीच्या मुली येतात. खारव्यांच्या आहेत, बौद्धवाडीतल्या आहेत, वरच्या कुणबीवाडीतल्याही आहेत. एरवी या वाड्यांचं एकमेकींच्या घरी जाणंयेणं फारसं नाही. पण साखळी करायची तर हातात हात घ्यावाच लागतो, आणि चढाई करणारी समोर आली की हात कोणाचा हे कोणी बघत नाही. एवढ्यासाठीसुद्धा हा संघ टिकायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पण टिकत नाही. सातवीपर्यंत संघ भरलेला असतो, आठवी लागली की एकेक मुलगी कमी व्हायला लागते. "मला खेळ आवडत नाही" असं आजवर एकीनेही सांगितलेलं नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वेळ. दुपारनंतर होड्या बंदराला लागतात, लिलाव होतो, आया टोपल्या घेऊन बाजाराला जातात. घरी कोळंबी सोलायला येते, किलोवर पैसे मिळतात. ज्या घरात मुलगा आणि मुलगी दोघंही आहेत तिथे पाच वाजता मुलगा मैदानावर असतो आणि मुलगी टबाशी बसलेली असते. साडेसहाला ती धावत येते. कोळंबीच्या काट्यांनी बोटांची टोकं सोलवटलेली असतात, घोटा पकडला की चुरचुरतं आणि पकड सुटते. मी तिला "घट्ट धर" म्हणून ओरडायचं तरी कसं?

मग जागा. आमच्याकडे सपाट जमीन एकच, सहाणेसमोरची. शिमग्याला पालखी तिथे बसते, बाकी वर्षभर मुलांचं मंडळ तिथे खेळतं. मुलींनी खेळू नये असं कोणी म्हणत नाही. म्हणतात एवढंच, की महिन्याच्या त्या चार दिवसांत तिथे पाय ठेवू नका. म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलीने अख्ख्या वाडीच्या डोळ्यांदेखत कडेला जाऊन बसायचं. ती एकदा बसते, पुढच्या महिन्यापासून येतच नाही. म्हणून मी मुलींना पुळणीवर नेते. ओहोटीला वाळू घट्ट असते, पडलं तरी लागत नाही. पण ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. आज पाचला मोकळी असलेली पुळण आठवड्याभराने त्याच वेळी पाण्याखाली. ज्या मुलीला घरून "पाच ते सहा" एवढीच परवानगी आहे, तिला दर दिवसाला वेगळी वेळ कशी सांगणार?

आणि रात्रीच्या स्पर्धा. आपल्याकडे गावोगावच्या स्पर्धा प्रकाशझोतात होतात. मुलींचा एखाददुसरा सामना, तोही मुलांचे सामने उरकल्यावर. तोवर परतीची एसटी कधीच गेलेली असते. एकदा उशीर झाला की पुढच्या वेळी आईच म्हणते, नको गं बाई, लोक काय म्हणतील.

घरच्यांशी बोलताना मी सगळं सांगते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला तेव्हा कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. लोक ऐकतात, माना डोलावतात. पण नोकरी लागणार एखादीला. बाकीच्यांचं काय? त्यांनी खेळलेलं वाया गेलं का? मला हे पटत नाही, आणि पुन्हा पुन्हा नोकरीचंच आमिष दाखवावं असंही वाटत नाही.

मुलींना मी २०१२ च्या पाटण्यातल्या पहिल्या महिला कबड्डी विश्वचषकाचा अंतिम सामना मोबाईलवर दाखवला. आपण इराणला हरवलं तो. अभिलाषा म्हात्रेची चढाई बघून सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. त्यात एक सातवीतली मला म्हणाली, "ताई, हिच्या घरी कोळंबी कोण सोलतं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

तर विचारायचं आहे ते असं. मुलगा-मुलगी समान हे वाडीत उघड बोलावं, की गुपचूप खेळत राहावं आणि बदल आपोआप होईल म्हणून वाट बघावी? आणि मुलांचं काय करायचं? त्यांना वगळून हे होणार नाही, एवढं मला कळून चुकलंय.

---

शिट्टीवाल्या_बाई

पोरी, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी रायगड आणि रत्नागिरी दोन्ही जिल्ह्यांत क्रीडाशिक्षिका होते, आता निवृत्त आहे. माझं मत स्पष्ट सांगते.

आपोआप काहीही होत नाही. मुली खेळल्या म्हणून समानता आली असं मी तरी कुठे पाहिलं नाही. आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० ला आली, बायकांची यायला २०१० उजाडलं. त्या मधल्या वीस वर्षांत बायका कबड्डी खेळत नव्हत्या असं थोडंच आहे? खेळतच होत्या. पण मैदान कोणाला कधी मिळणार, स्पर्धेत कोणाचा गट असणार, पैसा कशावर खर्च होणार हे ठरवायच्या जागी त्या नव्हत्या. तुझ्या वाडीतही प्रश्न तोच आहे. पाच वाजता सहाणेसमोर कोण उभं राहणार हे कोण ठरवतं? तिथे आधी हात घाल.

समानतेवर भाषण देऊ नकोस, वेळापत्रक माग. सोमवार-बुधवार-शुक्रवार पाच ते साडेसहा मुली, बाकी दिवस मुलं. कागदावर, मंडळाच्या सहीने. वेळ कागदावर आली की घरीही सांगता येतं, आज मैदान तिचं आहे, कोळंबी तू सोल. भाऊ लगेच बसेल असं नाही. पण त्याला मैदानावर जायचंच नसेल त्या दिवशी, तर घरी बसून काय करणार? माझ्या एका शाळेत खेळाच्या तासाला मुलींना स्नेहसंमेलनाच्या रांगोळीला नेत असत. मी तास वेगळे मागून घेतले आणि नियम लावला, मुलींच्या सामन्याला मैदान मुलांनी आखायचं, पाणी मुलांनी मारायचं, मुलांच्या सामन्याला मुलींनी. पहिले काही आठवडे मुलं तोंड लपवून चुना टाकत होती. नंतर रेषा वाकडी गेली की एकमेकांना बोलायला लागली.

केनियात नैरोबीच्या मथारे झोपडपट्टीत १९८७ पासून मुलांच्या फुटबॉलची मोठी संघटना चालते. तिथे वस्तीतला कचरा साफ केला की संघाला लीगमध्ये गुण मिळतात, सामना जिंकल्यावर मिळतात तसेच. मला ती कल्पना फार आवडली आणि आमच्या केंद्राच्या स्पर्धेत मी ती थोडी फिरवली. ज्या वाडीचा मुलींचा संघ नाही, तिच्या मुलांना प्रवेश नाही. खूप आरडाओरडा झाला. पहिल्या वर्षी मंडळांनी कुठून कुठून मुली जमवून आणल्या, नियम माहीत नसलेल्या, अनवाणी. पण पुढच्या वर्षी त्याच मुली मंडळाकडे बूट मागायला गेल्या. कारण आता मंडळाला त्यांची गरज होती.

मुलांशी बोलणं हे वेगळं काम आहे, ते तू एकटीने करू नकोस, त्यांच्याच कोचकडून करून घे. मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगर वस्तीत 'परिवर्तन' नावाचा कार्यक्रम झाला. आधी क्रिकेटच्या प्रशिक्षकांनी मुलांशी बोलायचं, मुलींना काय बोलतो, घरात बहिणीशी कसं वागतो. मग मुलींसाठी कबड्डी, आणि शिकवणाऱ्या ताया त्याच वस्तीतल्या. बाहेरून आलेल्या बाईचं ऐकतील न ऐकतील, पण समोरच्या गल्लीतली ताई रोज दिसते, तिचं कॉलेजला जाणं दिसतं. तू तीच ताई आहेस हे विसरू नकोस.

पावसाळ्याचा विचार केला आहेस का? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, कोळंबी नाही, बाप घरी. शेतकरी घरांत लावणी असते हे खरं, पण तुझ्या खारव्यांच्या मुलींना वर्षातला सगळ्यात मोकळा काळ हाच. पुळण वापरता येत नाही, मग शाळेची पडवी माग, समाजमंदिर माग. मॅट नसेल तर नुसता व्यायाम, साखळीची पावलं, चवडा पकडायचा सराव. आणि बापांना बघायला बोलाव. मुलीने एखाद्याला आडवं केलेलं बापाने डोळ्यांनी बघितलं की नंतर तो तिच्याबद्दल वेगळं बोलतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

आणखी एक. दमतात म्हणून बऱ्याच मुली सोडतात आणि आपण म्हणतो आळशी आहे. रक्त कमी असतं गं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती त्या घेतात का, की खिडकीतून टाकतात, हे बघ. माझ्या मुली टाकायच्या, मळमळतं म्हणून. जेवल्यावर माझ्यासमोर घ्यायला लावल्यावर फरक पडला.

सहाणेबद्दल मात्र माझा सल्ला, भांडू नकोस. दुसरी जागा माग.

---

तांडेल_पलीकडचा

ताई, मी दाभोळ खाडीच्या पलीकडचा. दालदी, म्हणजे मुसलमान मच्छीमार समाजाचा, होडीवर तांडेल म्हणजे प्रमुख आहे. माझी मुलगी नववीत आहे आणि कबड्डी खेळते, म्हणून लिहितोय.

तुम्ही बापाच्या बाजूने पण बघा. आम्ही दोन-दोन दिवस पाण्यात असतो. मुलगी रात्री कुठे आहे, कोणाबरोबर आहे, हे फोनवर कळत नाही, फोनला रेंजच नसते. अशा वेळी नाही म्हणणं सोपं पडतं. मी पण आधी नाहीच म्हणालो होतो. तिच्या शिक्षिका घरी आल्या, बायकोशी बोलल्या, माझ्याशी बोलल्या. तीन गोष्टी ठरल्या. सोबत कायम एक बाई. गाडी दारातून नेणार, दारात सोडणार. आणि सामना रात्री नऊच्या आत संपणार नसेल तर संघच जाणार नाही. तिसरी गोष्ट त्यांनी दोन वेळा पाळून दाखवली, संघ मागे घेतला. तेव्हा माझा विश्वास बसला. आता आयोजक त्या संघाला सातचा सामना देतात, कारण संघ चांगला खेळतो.

आमच्याकडच्या मुली पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि डोक्याला बिनपिनांचा घट्ट स्कार्फ घालून खेळतात. सुरुवातीला एका ठिकाणी हसले लोक. मुलीने चढाईत तीन गडी मारले. नंतर कोणी कपड्यांकडे बघितलं नाही.

कामाचं म्हणाल तर माझा मुलगा आता मासळी साफ करतो. त्याला येत नव्हतं, आईने शिकवलं. होडीवर आम्ही पुरुषच जेवण करतो, भांडी घासतो, जाळी शिवतो. मग घरात आल्यावर काय हाताला होतं? हे मी मोहल्ल्यात चार लोकांत बोललो आहे.

---

पंच_अलिबाग

वर सगळं आलं आहे, मी फक्त आखणीबद्दल लिहितो, कारण याकडे कोणी बघत नाही.

तुमच्या मुली मुलांनी आखलेल्या मैदानावर सराव करतात का? मुलांचं, म्हणजे कुमार आणि पुरुष गटाचं मैदान १३ बाय १० मीटर. कुमारी आणि महिलांचं १२ बाय ८, किशोरींना, म्हणजे कुमारींपेक्षा लहान वयाच्या गटाला, त्याहूनही लहान. मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाईत निदान एवढी तरी ओलांडावीच लागते ती, पुरुषांना ३.७५ मीटर, महिलांना ३. बोनस रेषा, जी ओलांडून जादा गुण मिळवता येतो, त्यापुढे एक मीटर. म्हणजे मुलांच्या रेषांवर वर्षभर बोनसचा सराव केलेली मुलगी पाऊण मीटर जास्त आत जायला शिकते. स्पर्धेत तेवढंच जास्त आत जाते आणि कोपऱ्याच्या हातात सापडते. मग कडेला उभे असलेले म्हणतात, मुलींना खेळाची समज नाही. मी पंच म्हणून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की आता सामन्याआधी आयोजकांना टेप लावायला लावतो.

दुसरं, मुलींना शिट्टी द्या. तुमच्या सरावात मोठ्या मुलींनी लहानांच्या सामन्याला पंच व्हावं, गुणलेखन करावं. वयात आल्या की जिल्हा संघटनेच्या पंच परीक्षेला बसवा. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफीला मुलींच्या फुटबॉलचं काम आहे, त्यात पंच मुली, समितीत मुली, सामन्यांचं आयोजनही मुलीच करतात. आपल्या रायगडात कबड्डी एवढी रुजलेली, पण गावच्या स्पर्धेत बाई पंच दिसली की अजून लोक फोटो काढतात. मुलाला बाद देणारी मुलगी दर आठवड्याला दिसली पाहिजे, म्हणजे त्यात फोटो काढण्यासारखं काही राहणार नाही.

---

डोंबिवलीचा_चाकरमानी

मी एका वाडीच्या मंडळाच्या मुंबई शाखेचा खजिनदार आहे. तुमची वाडी नाही, पण आमच्याकडेही असंच आहे.

पैशाचं सांगतो. आमच्या स्पर्धेत महिला गटाचं पहिलं बक्षीस पुरुषांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं आहे. मी कारण विचारलं तर सांगतात, संघ कमी येतात. संघ का कमी येतात, तर बक्षीस कमी आणि सामना रात्री उशिरा. हे असंच फिरत राहतं. शिवाय आमच्या मंडळाच्या घटनेत सभासद म्हणजे घरटी एक, आणि तो घरातला पुरुष. गावी राहणाऱ्या बायका वर्गणी देतात, स्पर्धेच्या दिवशी शंभर माणसांचं जेवण रांधतात, पण सभेत मत नाही. त्यामुळे मैदानाचं वेळापत्रक मागायला तुमच्या मुलींच्या आया गेल्या तरी त्यांचं म्हणणं इतिवृत्तात येणार नाही.

गणपतीत सगळे गावी असतात, तेव्हाच वार्षिक सभा होते. घरटी दोन सभासद, एक बाई एक पुरुष, असा ठराव मी यंदा मांडणार आहे. तुम्हीही तुमच्याकडे कोणाला तरी मांडायला सांगा. मुंबईकरांच्या तोंडून आलं की गावात थोडं ऐकतात, हे बरोबर नाही, पण आहे तसं आहे.

---

उजवा_कोपरा

सगळ्यांचे खूप आभार. मुलींच्या आयांना हे वाचून दाखवलं. तांडेलभाऊ, तुमचं लिहिणं दोघींनी परत वाचायला लावलं. "होडीवर पुरुषच भांडी घासतात" हे वाचलं तेव्हा एक जण म्हणाली, हे आपल्याला माहीतच होतं, पण कधी बोललो नाही.

बाई, वेळापत्रकाचं तुमचं अगदी पटलं. बुधवार आणि शुक्रवार मागणार आहे. सोमवारी आमच्याकडे आठवड्याचा बाजार, त्या दिवशी मुलींना सोडणारच नाहीत. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे दिवसाच्या स्पर्धेला दोन आया सोबत न्यायच्या असं ठरवलंय. खर्च आम्ही वर्गणीतून करू. रात्री नऊचा नियमही तांडेलभाऊंकडून घेतला, सगळ्या घरांत सांगितला.

पण सहाणेबद्दल मी तुमचं ऐकणार नाही, राग मानू नका. दुसरी जागा मागितली तर मिळेल ती वरची कातळावरची, जिथे पडलं की गुडघा फुटतो, आणि अंधार पडला की कोणी फिरकत नाही. सुरक्षित जागा वाडीच्या मध्ये आहे आणि ती सहाणेसमोरच आहे. पालखीचे मान आहेत, ते मी मानते. शिमग्याचे दिवस सोडून देऊ. पण उरलेल्या वर्षात कोणत्या मुलीला कोणत्या दिवशी काय आहे, हे विचारायचा हक्क कोणालाच नाही, एवढं मी सभेत उभी राहून बोलणार आहे. आधी म्हाताऱ्या बायकांशी बोलतेय. माझ्या आजीने वेगळंच सांगितलं. तिच्या लहानपणी त्याच जागेत बायका मासळी वाळत घालायच्या, तेव्हा कोणी कोणाला दिवस विचारत नव्हतं, कारण मासळी वाळायलाच हवी होती. हे ती स्वतः येऊन सांगायला तयार आहे.

चाकरमानीदादा, तुमच्या ठरावाचा मसुदा इथे टाकाल का? घटनेतली भाषा मला जमत नाही.

मुलांच्या कोचशी बोलले. तो माझ्याच वर्गातला. लाजला, पण बुधवारी मैदान मुलं आखतील म्हणाला. नववीतल्या दोघींनी शिट्टी घ्यायची तयारी दाखवलीय, त्यांना नियमांचं पुस्तक मराठीत हवंय. कोणाकडे असेल तर सांगा.

पंचदादा, चुना आणि दोरी आमच्याकडे आहे. १२ बाय ८ आणि किशोरींचं माप, दोन्ही आखून द्यायला एखाद्या रविवारी येऊ शकाल का? जेवणाची सोय माझ्या घरी. टेप तेवढी घेऊन या, आमची मुलांच्या मंडळाच्या पेटीत आहे आणि पेटीची चावी अजून त्यांच्याकडेच आहे.